मातीला सगळे, दुखण्याला कोण? : मंडळीच्या शुश्रूषा सेवेच्या नोंदी

रविवार, १२ जानेवारी २०२५

उपासनेनंतर कमिटीची बैठक. सहावा विषय कंपाउंडच्या भिंतीचा, तो पाऊण तास चालला. सातवा विषय आमचा, त्याला दहा मिनिटं मिळाली. ठराव झाला: मंडळीत (म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांत) आरोग्य व शुश्रूषा सेवा सुरू करावी, जबाबदारी निवृत्त सिस्टरांनी (म्हणजे मी) घ्यावी, वर्षाला पंधरा हजार मंजूर.

लगेच कमिटीतल्या एका वडिलांनी (एल्डर) विचारलं, "मग शिबिर कधी घ्यायचं?" मी म्हटलं, शिबिर घ्यायचंच नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. चौतीस वर्षं सरकारी नोकरीत मी शिबिरं केली आहेत. मांडव, बॅनर, पाहुण्यांना नारळ, रांगेत उभी म्हातारी माणसं. शिबिरात बीपी सापडलेला माणूस पुढच्या महिन्यात गोळी घेतोय का, हे विचारायला कोणी जात नाही. कागदावर मात्र 'लाभार्थी २१२'.

हे सगळं सुरू झालं डिसेंबरात. तिसऱ्या बाकावर बसणाऱ्या आमच्या एक आजी पाच रविवार दिसल्या नाहीत. सगळ्यांना वाटलं, नाताळाला लेकीकडे गेल्या असतील. आजी घरातच होत्या. साखरेचं दुखणं, पायाला चपलेचा घट्टा, त्याची जखम झाली, जखम चिघळली. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. ऑपरेशनच्या दिवशी हॉस्पिटलात मंडळीतली चाळीस माणसं जमली, वॉचमनने दोनदा हाकललं. मंडळी प्रेमळ आहे याबद्दल मला शंका नाही. पण आपल्याकडे मातीला, म्हणजे दफनाला, सगळे येतात. पाच रविवार बाक रिकामा दिसला तेव्हा कोणी गेलं असतं, तर आजी आज दोन पायांवर असत्या. मीही त्या चाळिसांत होते. आणि मी त्यांच्यामागे दोनच बाकं सोडून बसते.

शुक्रवार, १७ जानेवारी

कमिटीला लेखी योजना हवी आहे. एका पानात बसवायची आहे.

नवं काही शोधायची गरज नाही. रोमकरांस पत्रात किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी आहे, प्रेषितांच्या कृत्यांत विधवांच्या वाढणीवरून कुरकुर झाल्यावर निवडलेले सात जण आहेत. मधल्या काळात हे काम मंडळीच्या हातातून निसटून हॉस्पिटलात गेलं. आपल्या मुलखात मिशनची हॉस्पिटलं उभी राहिली, मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलं तसं, आणि मंडळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला: दुखणं तिकडे, प्रार्थना इकडे.

अमेरिकेत ग्रेंजर वेस्टबर्ग नावाच्या लूथरन पाळकांनी हे दोन तुकडे पुन्हा जोडायचा प्रयत्न केला. १९८०च्या दशकाच्या मध्यावर, शिकागोजवळच्या पार्क रिजमध्ये, एका हॉस्पिटलाच्या मदतीने सहा मंडळ्यांत एकेक नर्स नेमली. त्या नर्सचा एक नियम मला फार पटतो: ती इंजेक्शन देत नाही, ड्रेसिंग करत नाही, औषध लिहीत नाही. ऐकते, समजावते, योग्य दारापर्यंत पोचवते आणि इतरांना तयार करते. म्हणजे दवाखान्याची शाखा उघडायची नाही.

पण तिकडची नर्स मोटारीने फिरते. आपल्याला जवळचा धडा जामखेडचा. आमच्याच जिल्ह्यात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं, ते गावातल्या बायकांच्या जिवावर. त्यांतल्या कितीतरी निरक्षर, कितीतरी दलित वस्तीतल्या. दर आठवड्याला जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, शिकून परत गावात. १९७९ मध्ये दोघा डॉक्टरांना मॅगसेसे मिळालं ते सगळ्यांना ठाऊक असतं. मला त्यातलं एवढंच घ्यायचं आहे: ज्या गल्लीत दुखणं, त्याच गल्लीतली बाई.

योजनेत तीन वाक्यं लिहिली. (१) कोण दिसत नाही ते बघणे. (२) घरी जाणे. (३) तोंड बंद ठेवणे. पाळकसाहेब म्हणाले, "बाई, तिसरं जरा सौम्य लिहा." 'गोपनीयता' असं केलं.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदनानंतर इच्छुकांना थांबायला सांगितलं. अकरा जण थांबले. मी दोन अटी सांगितल्या: दर मंगळवारी दुपारी दोन तास, आणि घरात ऐकलेलं नवऱ्यालासुद्धा सांगायचं नाही. दुसऱ्या अटीवर हशा झाला. चहानंतर सहा उरले. चार महिला मंडळातल्या, एक निवृत्त एसटी कंडक्टर, एक तरुण संघातला मुलगा जो बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कंडक्टरांना सगळ्या वस्त्या पाठ आहेत. हा माणूस आधी का सुचला नाही?

मंगळवार, ४ फेब्रुवारी

रजिस्टर कसं ठेवायचं यावर सगळी दुपार गेली, पण ती वाया गेली नाही.

मंडळीत बातमी फिरते ती बहुतेक वेळा प्रार्थनेच्या वाटेने. "अमक्यांसाठी प्रार्थना करा, त्यांना आता कळलंय की…" इथून पुढे जे येतं ते डॉक्टरांच्या कागदावरचं असतं. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ज्याचं दुखणं आहे त्याला विचारलेलं नसतं. म्हणून लोक लपवतात, आणि लपवतात म्हणून उशीर होतो.

ठरलं ते असं. रजिस्टरात फक्त नंबर. कोणत्या नंबराचं कोण, ते वेगळ्या छोट्या वहीत. रजिस्टर व्हेस्ट्रीच्या (चर्चमधल्या पाळकांच्या खोलीच्या) कपाटात, वही माझ्या घरी. आणि मी गेले तर? (वय ६१, बीपीची गोळी मलाही आहे.) म्हणून वहीची एक प्रत बंद पाकिटात, आमच्यातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या मावशींकडे.

संध्याकाळी पाळकसाहेबांनी रजिस्टर बघायला मागितलं. "कोणाला भेटायला जायचं ते मला कळलं तर बरं." मी म्हटलं, ज्याची इच्छा असेल त्याचं नाव मी त्याला विचारून तुम्हाला देईन. त्यांना आवडलं नाही. मला वाईट वाटलं, पण रजिस्टर दिलं नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

पहिला बीपीचा रविवार आणि पहिली फजिती. उपासना संपल्यावर व्हरांड्यात टेबल मांडलं. ४१ जणांचं बीपी घेतलं, त्यांतल्या २३ जणांचं १४०/९० च्या वर. दुपारपर्यंत मंडळीत घबराट. एका काकूंनी शेजारणीची गोळी घेऊन टाकली!

चूक संपूर्ण माझी. माणसं दोन तास बसून, तीन गाणी ताणून म्हणून, चहा पिऊन, पाळकसाहेबांशी हस्तांदोलन करून थेट माझ्या स्टुलावर. स्टुलाला पाठ नाही, पाय लोंबकळतात, हात हवेत, शेजारी उभा असलेला माणूस विचारतोय "किती आलं, किती आलं". जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा फुगतो, हे मी स्वतः विद्यार्थिनींना वर्षानुवर्षं शिकवलंय. चर्चच्या आवारात आले आणि विसरले.

रविवार, १६ फेब्रुवारी

आज उपासनेच्या आधी, संडे स्कूलच्या खोलीत. पाठ असलेल्या दोन खुर्च्या. आल्यावर पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर सपाट, एकावर एक नाहीत. हात टेबलावर, छातीच्या पातळीला. आधी अर्धा तास चहा नाही, लघवीला जाऊन यायचं. दोन वेळा मोजायचं, मध्ये एक मिनिट. मोठा पट्टा विकत आणला, साडेसहाशे रुपये. दार बंद, आत एकच माणूस.

मागच्या वेळच्या २३ पैकी १९ आले. नऊ जणांचं अजूनही वर. त्यांना चिठ्ठी दिली: आणखी दोन वेगळ्या दिवशी मोजा, मग डॉक्टरांकडे. कोणालाही 'तुम्हाला बीपी आहे' असं म्हटलं नाही. ते म्हणायचं काम डॉक्टरांचं.

पाच मिनिटं गप्प बसणं लोकांना सगळ्यात जड जातं. एक आजोबा म्हणाले, "सिस्टर, उपासनेत बसतो ना गप्प." दाराबाहेरून त्यांच्या आजी म्हणाल्या, "घोरता."

गुरुवार, २७ फेब्रुवारी

खर्च: बीपी मशिन २,१००, मोठा पट्टा ६५०, ग्लुकोमीटर व पट्ट्या १,४८०, वह्या १२०, कुलूप ९०. कंडक्टरांनी पेट्रोलचे पैसे घ्यायला नकार दिला. पुढच्या महिन्यात जबरदस्तीने द्यायचे, नाहीतर हे काम पेन्शनीवाल्यांचंच राहील.

रविवार, ९ मार्च

नंबर २७. वय पस्तीस, हाताला रोजंदारी, घरात दोन लहान मुलं. खोकला दीड महिना, रात्री घाम, वजन उतरलेलं. मागच्या आठवड्यात मी सरकारी दवाखान्यात बेडका तपासायला पाठवलं होतं. टीबी निघाला. आज उपासनेआधी खोलीत आला, दार लावलं आणि म्हणाला, "सिस्टर, हे बाहेर गेलं तर माझ्या पोरांना कोणी जवळ घेणार नाही."

त्याला समजावलं: औषध फुकट, साधारण सहा महिने, एक दिवस चुकवायचं नाही, बरं वाटलं म्हणून मध्येच थांबवायचं नाही. बायको-मुलांची तपासणी याच आठवड्यात. सरकारकडून आहारासाठी आता महिन्याला एक हजार रुपये खात्यात येतात (नोव्हेंबर २०२४ पासून, आधी पाचशे होते), पण खातं आधारला जोडलेलं हवं. त्याचं नव्हतं. तरुण संघातला मुलगा उद्या बँकेत बरोबर जाईल, त्याला फक्त 'खातं जोडायचंय' एवढंच सांगितलंय.

दुपारी कमिटीतल्या एकांनी, मनापासून, विचारलं: "तो फार वाळलाय हो. प्रार्थनेच्या यादीत नाव घालू का?" मी म्हटलं, घाला, पण कारण नको. "मग देवाला कळणार कसं?" असं त्यांनी विचारलं आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं.

मंगळवार, १८ मार्च

महिला मंडळाने शेंगदाण्याचे लाडू, डाळी आणि अंडी देण्याचं ठरवलं. अडचण अशी की फक्त २७ च्या घरी पिशवी गेली तर गल्लीला अर्थ कळतो. आमच्या त्या कमी बोलणाऱ्या मावशींनी तोडगा काढला: त्या गल्लीतल्या मंडळीच्या पाचही घरी पिशवी द्यायची, 'लेंटची (ईस्टरआधीच्या उपवासकाळाची) भेट' म्हणून. खर्च पाचपट. पण बाकीच्या चार घरांतही कोणी उपाशी नव्हतं असं नाही, हे तिथे गेल्यावर दिसलं. एका घरात आजी सुनेला न सांगता एकवेळच जेवत होत्या.

रविवार, ६ एप्रिल

पुलपिटावरून दोन मिनिटं मिळाली. सांगितलं: शुभ शुक्रवारी उपवास करणाऱ्या साखरेच्या आणि बीपीच्या लोकांनी आपापल्या डॉक्टरांना आधी विचारावं. उपवास आणि साखर उतरवणारी गोळी एका दिवशी एकत्र आली तर घात होतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर परस्पर काहीच ठरवू नये. एक जण मागून पुटपुटले, "आता उपवासालाही डॉक्टरची चिठ्ठी." पाळकसाहेबांनी मात्र जोड दिली: ज्याला उपवास झेपत नाही त्याने एक वेळचा मोबाईल सोडावा. तरुण संघात शांतता पसरली.

शुक्रवार, १८ एप्रिल, शुभ शुक्रवार

बारा ते तीन. येशूचे क्रुसावरचे सात उद्गार, सात वक्ते, प्रत्येकाला पंधरा मिनिटं, घेतात पंचवीस. बाहेर नगरचं एप्रिलचं ऊन, आत पंखे गरम हवा ढवळत होते. मी मागच्या दाराजवळ, पर्समध्ये ग्लुकोमीटर, साखरेचा डबा, चमचा. मावशी दुसऱ्या बाजूला पाण्याची बाटली घेऊन.

पाचवा उद्गार चालू होता, "मला तहान लागली आहे". चौथ्या बाकावरचे आजोबा उभे राहायला लागले आणि परत बसले. शर्ट ओला, ओठ थरथरताहेत, नजर भलतीकडे. मुलगा म्हणतोय, "उकडतंय त्यांना." बोटातून थेंब काढला: ५८. सत्तरच्या खाली म्हणजे साखर उतरली. शुद्धीवर होते, गिळत होते, म्हणून तीन चमचे साखर अर्ध्या पेल्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटं थांबलो. ९६. मग बिस्किटं आणि घरून आणलेली पोळी, कारण नुसती साखर फार वेळ टिकत नाही. (बेशुद्ध असते तर तोंडात काहीही घातलं नसतं, १०८ ला फोन.)

सकाळी गोळी घेतली होती. "गोळी चुकवायची नाही असं तुम्हीच म्हणाला होता," आजोबा मला म्हणाले. म्हणाले होते खरी, फेब्रुवारीत. दोन सूचना दिल्या, दोन्ही बरोबर, आणि दोन्ही मिळून एक म्हातारा पाडला होता. पुढच्या वर्षी घोषणा नको. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या प्रत्येकाच्या घरी जाऊन, गोळीचं पाकीट हातात घेऊन बोलायचं.

सहाव्या उद्गारापर्यंत आजोबा परत बाकावर होते. घरी जायला तयार नव्हते.

रविवार, ११ मे

सत्तरीपुढच्यांची कार्डं. ऑक्टोबर २०२४ अखेरपासून सत्तर वर्षं पूर्ण असलेल्या कोणालाही, उत्पन्न न बघता, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. तरुण संघाने संडे स्कूलच्या खोलीत मोबाईलवर नोंदणी केली. १४ जणांची झाली. तीन आजी अडकल्या, कारण वय धरलं जातं ते आधारवरचं आणि तिथे जन्मतारीख आहे १ जानेवारी, साल कोणीतरी अंदाजाने टाकलेलं. त्यांतल्या एकीचं खरं वय ७४, आधारवर ६८. आमच्या बाप्तिस्मा रजिस्टरात तिच्या जन्माची तारीख सुरेख वळणदार अक्षरात आहे, पण ते पान मोबाईलमध्ये जात नाही. आधार दुरुस्तीच्या मागे लागायचं.

मंगळवार, १० जून

आजपासून नंबर ४४ च्या घरी. निवृत्त शिक्षक, स्मृतिभ्रंश. खरं तर नंबर त्यांच्या पत्नीचा आहे. काकूंना मी फेब्रुवारीपासून उपासनेत बघत होते, दर वेळी शेवटच्या बाकावर, दाराशी, आशीर्वादाच्या आधी निघून जायच्या. आम्हाला वाटायचं, फटकून वागतात. घरी गेले तेव्हा कळलं, गुरुजींना आत ठेवून बाहेरून कडी लावून येत होत्या. चाळीस मिनिटांचा हिशेब मांडून.

अशा घरात लोक जातात तेव्हा दुखणाइताची चौकशी करतात. काकूंना कोणी विचारलेलं नव्हतं. रात्री तीनदा उठणं, कपडे बदलणं, त्याच प्रश्नाला चाळीसदा उत्तर. त्यांचं स्वतःचं बीपी १६२/९८. काही प्रार्थना वगैरे करण्याआधी मी विचारलं, तुम्हाला काय हवंय? म्हणाल्या, "दोन तास."

तर मंगळवारी तीन ते पाच, आळीपाळीने दोघं जण गुरुजींजवळ बसतील आणि काकूंनी बाहेर जायचं. आज त्या कुठे गेल्या नाहीत. स्वयंपाकघरात दार लोटून बसून राहिल्या.

शनिवार, ५ जुलै

तक्रार आली. "नर्स असून सलाईन लावून दिलं नाही." खरंय, नाही दिलं. काल रात्री फोन आला होता: अशक्तपणा आहे, मेडिकलवाल्याकडून बाटली आणली आहे, फक्त लावायला या. डॉक्टरांची चिठ्ठी नाही, माणूस हृदयाचा रुग्ण, पायांवर सूज. त्या बाटलीने त्याची छाती पाण्याने भरली असती. मी रिक्षा करून त्यांना दवाखान्यात नेलं, रात्री एकपर्यंत तिथे होते. याबद्दल तक्रारीत काही नाही. कमिटीसमोर विषय येणार आहे. तयारी म्हणून जानेवारीतला योजनेचा कागद शोधून ठेवला.

रविवार, २७ जुलै

नंबर ५१. तेवीस वर्षांची मुलगी, फिटचा त्रास, गोळ्यांवर तीन वर्षं फिट नाही. बाहेरगावच्या एका चंगाई सभेत (प्रार्थनेने बरं करण्याच्या सभेत) तिला सांगितलं गेलं की तू बरी झालीस, गोळी म्हणजे अविश्वास. गोळ्या एकदम बंद. नवव्या दिवशी गॅसजवळ फिट आली. डावा हात पोळला. शेजारीण धावली म्हणून एवढ्यावर निभावलं.

हॉस्पिटलात तिची आई मला म्हणाली, "सिस्टर, आमचा विश्वास कमी पडला." याचा मला जितका राग आला तितका सगळ्या वर्षात कशाचा आला नाही. आईवर नव्हे.

फिटच्या गोळ्या एकदम तोडल्या तर फिटा लागोपाठ येऊन जीवही जाऊ शकतो. हे त्या स्टेजवर कोणाला ठाऊक नव्हतं, किंवा विचारायची गरज वाटली नाही. पाळकसाहेबांकडे गेले आणि पहिल्यांदाच स्पष्ट म्हटलं: इथे माझं बोलणं पुरणार नाही, तुम्हीच बोलायला हवं.

रविवार, ३ ऑगस्ट

बोलले. हिज्कीया राजाचं आख्यान घेतलं. राजा मरणाला टेकलेला, रडून प्रार्थना करतो, देव यशयाच्या तोंडून सांगतो, मी तुला बरं करीन, पंधरा वर्षं वाढवून देतो. "आणि मग," पाळकसाहेब म्हणाले, "वचन मिळाल्यावर यशया काय करतो? अंजिरांची ढेप मागवतो आणि गळवावर बांधतो. देवाने बरं करतो म्हटलंच होतं, मग अंजीर कशाला? यशयाचा विश्वास कमी पडला का?" सगळी मंडळी गप्प. पुढे लूक वैद्य होता, आणि पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, हेही आलं. तीमथ्याच्या उल्लेखावर मागच्या बाकांवर जरा जास्तच उत्साह दिसला.

५१ ची आई पहिल्या बाकावर होती. तिच्याकडे बघून ते एकदाही बोलले नाहीत. हे मला फार बरं वाटलं.

तक्रारीचा विषय कमिटीत आला नाही. पाऊस, भिंत पडली.

मंगळवार, १९ ऑगस्ट

दुःखातल्या घरांची पाळी ठरवली. माती झाल्यावर आठवडाभर घर भरलेलं असतं, डबे इतके येतात की फेकावे लागतात. तिसऱ्या आठवड्यात शुकशुकाट. म्हणून तिसऱ्या आठवड्यात एकदा, तिसऱ्या महिन्यात एकदा, आणि वर्षश्राद्ध आपण करत नाही पण त्या तारखेला एकदा. कंडक्टरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर नुसत्या फुल्या केल्या आहेत. डबा नेताना एक माणसाचा न्यायचा, दोन माणसांचा नाही.

झोप नाही, जेवण नाही, 'मीही गेलो असतो तर बरं' असं कोणी बोललं तर ते ऐकून सोडून द्यायचं नाही, विषय बदलायचा नाही. थेट विचारायचं, जवळ थांबायचं आणि मला कळवायचं. १४४१६, टेलिमानस, फुकट, रात्रीही चालू: हा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये आज भरून घेतला.

रविवार, १४ सप्टेंबर

तोंड बंद ठेवण्याचा नियम मोडला. मोडणारी मी. चर्चच्या पायऱ्यांवर २७ भेटला, चेहरा भरलाय, रंग आलाय, आणि माझ्या तोंडून निघालं, "शेवटच्या गोळ्या झाल्या ना?" शेजारी त्याची मेहुणी. तिने विचारलं, "कसल्या गोळ्या?" त्याने "ॲसिडिटीच्या" म्हणून सावरलं आणि माझ्याकडे बघितलं ते अजून डोळ्यांसमोर आहे.

संध्याकाळी गटाला सगळं सांगितलं, नाव सोडून. मग २७ च्या घरी जाऊन माफी मागितली. नवा नियम: आवारात कोणाला तब्येतीचं काहीही विचारायचं नाही. "सलाम" म्हणायचं आणि पुढे जायचं.

बुधवार, १ ऑक्टोबर

दुपारी व्हेस्ट्रीत रजिस्टर भरत होते. पाळकसाहेब आले, दार लावलं, पाठ असलेल्या खुर्चीवर बसले. मला वाटलं, दिवाळीआधीच्या हिशेबाचं बोलायचं असेल. त्यांनी शर्टाची बाही वर केली.

पाच मिनिटं दोघंही गप्प. १६८/१०४. परत १६६/१०२. महिनाभर डोकं दुखतंय, झोप चार तास. आठवड्याला किती मयती, किती लग्नं, किती भांडणं मिटवायची, कोणाच्या दारात मध्यरात्री जायचं. त्यांच्या दारात कोण जातं, हा प्रश्न आमच्या नऊ महिन्यांच्या कामात कोणालाच पडला नव्हता. फिरतीची यादी केली तेव्हा पाळकवाड्याचं घर आम्ही धरलंच नव्हतं.

"कमिटीला कळायला नको," म्हणाले.

"नंबर ५८," मी म्हटलं. "उद्या सकाळी डॉक्टरांकडे. रिपोर्ट मला दाखवा, दुसऱ्या कोणाला नको."

जाता जाता कपाटाच्या कुलपाकडे बघून हसले.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

४४ च्या घरी आज तरुण संघातला मुलगा आणि मी. गुरुजी आता त्याला विद्यार्थी समजतात. तीन वाजले की हजेरी सुरू. तीस-पस्तीस नावं, सगळी जुन्या कुठल्या तरी वर्गाची, क्रम कधी चुकत नाही. मुलगा प्रत्येक नावाला वेगवेगळ्या आवाजात "हजर" म्हणतो. मध्ये एकदा त्याने कंटाळून एक नाव सोडलं, तर गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "का आला नाही? घरी कोणी जाऊन बघितलं का?"

काकू जूनमध्ये स्वयंपाकघरात बसल्या होत्या. जुलैत गच्चीपर्यंत, ऑगस्टात शेजारी, मागच्या महिन्यात बाजारात. आज पाच वाजले तरी आल्या नाहीत. पाच वीसला आल्या. केसांना तेल नव्हे, चक्क शाम्पू केलेला, हातात ओल्या भेळीचे दोन पुडे. उशीर झाल्याबद्दल काही बोलल्या नाहीत, आम्हीही नाही.

पुढच्या दोन मंगळवारी मुलाची परीक्षा आहे. कंडक्टर येतील. त्यांना हजेरीची नावं क्रमाने लिहून द्यायची.